संवादाची किंमत



इस्रायली आणि पॅलेस्टिनी ह्या दोन समाजांत अहिंसेच्या मार्गाने शांतता आणण्याचे जे प्रयत्न झाले, आणि तेथील धर्माधर्मांत जो संवाद झाला, त्याविषयी मी बोलावे अशी सूचना आली तेव्हा माझ्या मनात प्रथम नकारच उभा राहिला. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसे मारली गेली आणि सुमारे २५० जणांना ओलीस म्हणून नेण्यात आले. त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये, तेथील आरोग्य मंत्रालयाच्या मोजणीप्रमाणे, ६०,००० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत हजारो मुले आहेत. अशा आकड्यांपुढे उभे राहून संवादाची भाषा बोलणे म्हणजे जळत्या घरासमोर पुराण सांगत बसणे नव्हे काय?

परंतु विचार करता करता एक गोष्ट ध्यानात आली. त्या भूमीवर संवादाचा प्रयत्न करणाऱ्यांची शंभर वर्षांची परंपरा आहे आणि तिच्यातील एकही पिढी सोयीच्या काळात जगलेली नाही. त्यांतील काही प्रयत्न केवळ सभा-ठरावांपुरते राहिले आणि विरून गेले. काही मात्र टिकले. जे टिकले त्यांत मला एक साम्य दिसते. तेथे माणसांनी दुसऱ्याचे दुःख आपल्या दुःखाशी ताडून न पाहता ऐकून घेतले आणि त्या ऐकण्याची किंमत स्वतः मोजली. आज मी मुख्यतः अशाच माणसांविषयी बोलणार आहे.

प्रारंभ आपल्या घरापासूनच करावा लागेल, कारण ह्या कथेतील एक महत्त्वाचे प्रकरण सेवाग्रामशी निगडित आहे.

नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंची प्रार्थनामंदिरे एका रात्रीत जाळण्यात आली, दुकाने फोडण्यात आली, हजारो पुरुषांना छळछावण्यांत डांबण्यात आले. त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांनी, २६ नोव्हेंबरच्या 'हरिजन'च्या अंकात गांधीजींचा ज्यूंविषयीचा लेख प्रसिद्ध झाला. ज्यूंविषयी त्यांच्या मनात खरी आपुलकी होती. दक्षिण आफ्रिकेतील त्यांचे जिवलग सहकारी हरमान कॅलनबाख हे ज्यूच होते. १९१० साली टॉलस्टॉय फार्मसाठी जमीन त्यांनीच दिली होती. तरीही त्या लेखात गांधीजींनी दोन गोष्टी निक्षून सांगितल्या. पॅलेस्टाईन ही अरबांची भूमी आहे आणि इंग्रजांच्या संगिनींच्या आधाराने तेथे जाणे ज्यूंना शोभत नाही, ही पहिली. जर्मनीतील ज्यूंनी देश न सोडता तेथेच सत्याग्रह करावा, ही दुसरी.

ह्या लेखाला जेरुसलेमहून दोन उत्तरे निघाली. एक मार्टिन बूबर ह्या तत्त्वचिंतकाचे, दुसरे हिब्रू विद्यापीठाचे अध्यक्ष ज्यूडा मॅग्नेस यांचे. फेब्रुवारी १९३९ च्या अखेरीस लिहिलेली ही दोन्ही पत्रे पुढे एका पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाली. हे दोघे गांधीजींचे टीकाकार नव्हते, चाहते होते. मॅग्नेस यांनी तर पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत राहून युद्धाला उघड विरोध केला होता आणि त्यासाठी लोकांचा रोष ओढवून घेतला होता. बूबर जेमतेम वर्षापूर्वी जर्मनीतून आले होते. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : सत्याग्रहाला साक्षीदार लागतो. हिंदुस्थानात आपण तुरुंगात गेलात तर दुसऱ्या दिवशी जगाला ते कळते. जर्मनीत माणूस रात्री नाहीसा होतो आणि शेजाऱ्यालाही पत्ता लागत नाही. ज्या बलिदानाची वार्ताच कोणापर्यंत पोहोचत नाही, ते कोणाचे हृदयपरिवर्तन करणार?

बूबरांनी आणखी एक प्रश्न विचारला होता आणि तो मला अधिक बोचरा वाटतो. अरबांनी अहिंसेचा मार्ग पत्करावयास हवा होता असे म्हणूनही, बलाढ्य सत्तेशी त्यांची झुंज आहे म्हणून गांधीजींनी त्यांच्या सशस्त्र प्रतिकाराला समजून घेतले होते. मग तीच समज दुसऱ्या बाजूला का नाही? मात्र असे विचारून बूबर तेथेच थांबले नाहीत. ह्या भूमीवर दोन हक्क सांगितले जात आहेत, दोन्हींचे मूळ निरनिराळे आहे, आणि कोणता खरा व कोणता खोटा हे तराजूत घालून ठरविता येणार नाही. म्हणून समोरच्याचा हक्क समजून घेणे, त्याचा मान राखणे आणि दोहोंचा मेळ घालणे हेच आमचे कर्तव्य आहे, असे त्यांनी मांडले. आपल्याच लोकांच्या राजकारणाला हे म्हणणे मानवणारे नाही, हे ते पुरते जाणून होते.

ह्या पत्रांना उत्तर आले नाही. ती गांधीजींच्या हाती पडलीच नसावीत असा अभ्यासकांचा तर्क आहे. आपल्या राष्ट्रपित्याच्या प्रत्येक शब्दाचे समर्थन करण्याची आपल्याकडे सवय आहे, म्हणून स्पष्टच सांगतो : जर्मनीतील ज्यूंना दिलेल्या सल्ल्याच्या बाबतीत मॅग्नेस आणि बूबर यांचे म्हणणे मला अधिक सत्याला धरून वाटते. त्याचे कारणही कदाचित आपल्याच इतिहासात आहे. कोकणच्या किनाऱ्यावर बेने इस्रायल समाज शतकानुशतके राहिला. तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. त्यापलीकडे त्यांच्या धर्माची कोणी फारशी चौकशी केली नाही. त्यांतील पुष्कळ जण पुढे इस्रायलला गेले आणि तेथेही घरात मराठी बोलत राहिले. आपल्या शेजारी ज्यूला छळ ठाऊक नव्हता, हे आपले भूषण खरेच. पण त्यामुळेच युरोपातील ज्यूच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले भय आपल्याला पुस्तकांतूनच समजून घ्यावे लागते. उलट, रातोरात घर सोडावे लागलेल्या आणि त्या घराची किल्ली जपून ठेवणाऱ्या पॅलेस्टिनी निर्वासिताचे दुःख फाळणी पाहिलेल्या आपल्या देशाला सहज कळते. दोन्ही दुःखे सारख्या सहजतेने कळत नाहीत, एवढे तरी आपण स्वतःशी कबूल करावे.

ज्यूंतील ह्या विचाराची संघटना १९२५ मध्ये 'ब्रित शालोम' ह्या नावाने सुरू झाली होती आणि १९४२ मध्ये मॅग्नेस, बूबर यांनी 'इहूद' ही संस्था स्थापिली. एकाच राज्यात दोन्ही समाजांना समान अधिकार, ही त्यांची मागणी. अरबांकडून त्यांना प्रतिसाद देणारे थोडे होते. फौझी दरवीश अल्‌-हुसैनी यांनी नोव्हेंबर १९४६ मध्ये सहकार्याच्या एका करारावर स्वाक्षरी केली, आणि थोड्याच दिवसांत त्यांचा खून झाला. मारणारे अरबच होते. पुढील वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या समितीत भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया ह्या तीन देशांनी फाळणीऐवजी संघराज्याची योजना सुचविली. ती अल्पमतात गेली. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी फाळणीचा ठराव झाला, युद्ध झाले, सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. ९ एप्रिल १९४८ रोजी देर यासीन गावात शंभराहून अधिक गावकऱ्यांची हत्या झाली. चारच दिवसांनी डॉक्टर, परिचारिका आणि विद्यापीठातील माणसे घेऊन निघालेल्या वाहनांच्या तांड्यावर हल्ला होऊन सत्तरांहून अधिक जण मारले गेले. हे विद्यापीठ मॅग्नेस यांचेच होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचा मृत्यू झाला.

आता पॅलेस्टिनी बाजूकडे वळू. पॅलेस्टिनी समाजात अहिंसक प्रतिकाराची परंपराच नाही, असे पुष्कळदा ऐकू येते. ते खरे नाही. १९३६ मध्ये तेथील अरबांनी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सहा महिने, सार्वत्रिक हरताळ पाळला होता. त्यालाच जोडून सशस्त्र उठावही झाला आणि इतिहासाने उठाव लक्षात ठेवला, ही गोष्ट निराळी. १९८० नंतरच्या दशकात मुबारक अवाद ह्या मानसशास्त्रज्ञाने जेरुसलेममध्ये अहिंसेच्या अभ्यासाचे एक केंद्र काढले. १९४८ च्या लढाईत त्यांचे वडील मारले गेले होते आणि ते स्वतः अनाथाश्रमात वाढले होते. कर देऊ नका, ताब्यात घेतलेल्या जमिनीवर ऑलिव्हची रोपे लावा, अशी त्यांची शिकवण होती. डिसेंबर १९८७ मध्ये पहिला इंतिफादा सुरू झाला आणि जून १९८८ मध्ये इस्रायलने अवाद यांना देशाबाहेर काढले. बंदूकधाऱ्याशी कसे वागावे हे लष्कराला ठाऊक होते. ह्या माणसाशी कसे वागावे हे त्याला समजले नसावे.

त्याच काळात बेथलेहेमलगतच्या बेत साहूर नावाच्या छोट्या शहरात जे घडले, त्यावर मी थोडा रेंगाळणार आहे. वस्ती बहुतांशी ख्रिस्ती, काही मुसलमान. दुकानदार, औषधविक्रेते, छोटे कारखानदार, शिक्षक असे मध्यमवर्गीय गाव. ह्या लोकांनी १९८८ मध्ये लष्करी प्रशासनाला कर देण्याचे थांबविले. ज्या राज्यकारभारात आम्हांला मत नाही त्याला आम्ही पैसा देणार नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. शेकडो लोकांनी ओळखपत्रे नगरपालिकेत नेऊन परत केली. शेतीचे जाणकार असलेल्या एका प्राध्यापकांनी बियाणे आणि रोपे पुरविण्याची व्यवस्था केली, परसापरसांत भाजीपाला लावण्यात आला. त्या प्राध्यापकांना आरोपपत्राविना वाळवंटातील कैदी-छावणीत काही महिने ठेवण्यात आले. इस्रायली दूध घ्यावयाचे नाही म्हणून लोकांनी अठरा गाई विकत आणल्या. गमतीची गोष्ट अशी की, त्या आणल्या एका इस्रायली किबुत्झमधूनच. पुढे ह्या गाई म्हणजे देशाच्या सुरक्षिततेला धोका आहे असे लष्कराने ठरविले, सैनिक त्यांच्या शोधाला लागले, आणि गावाने गाई लपविल्या. १९२८ मध्ये बार्डोलीच्या शेतकऱ्यांनी जप्ती चुकविण्यासाठी म्हशी आपल्यासह घरात कोंडून घेतल्या होत्या, त्याची आठवण येथे कोणाला होणार नाही?

बार्डोलीत झाले तेच येथेही झाले, जप्त्या आल्या. सप्टेंबर १९८९ मध्ये शहराला वेढा पडला, दूरध्वनीच्या तारा तोडण्यात आल्या, आणि सुमारे सहा आठवडे घराघरांतून शीतकपाटे, दूरचित्रवाणीसंच, पलंग, दुकानांतील माल, कारखान्यांतील यंत्रे उचलून नेण्यात आली. ह्या लोकांना धडा शिकवावयाचा, असे त्या वेळचे संरक्षणमंत्री यित्झाक राबिन यांचे धोरण होते. ह्या जप्त्यांविरुद्धचा ठराव ७ नोव्हेंबर १९८९ रोजी सुरक्षा परिषदेत आला. चौदा मते बाजूने पडली आणि अमेरिकेने आपला नकाराधिकार वापरला. गावाने कर भरला नाही.

परंतु बेत साहूरची हकीकत ह्या करबंदीने संपत नाही. त्याच गावातील काही मंडळींनी १९८८ पासून इस्रायली नागरिकांशी नियमित भेटीगाठी सुरू केल्या होत्या. जेरुसलेममधील धर्मनिष्ठ ज्यू कुटुंबे मुलाबाळांसह बेत साहूरमध्ये शब्बाथसाठी पाहुणी म्हणून येऊन राहिली. ह्यातील मर्म ध्यानात घ्या. कर्मठ ज्यू शब्बाथच्या दिवशी वाहनात बसत नाही. म्हणजे शुक्रवारी सूर्य मावळण्यापूर्वी तो ज्या घरी पोहोचला, त्या घरी शनिवारी रात्रीपर्यंत त्याला राहावेच लागते. भांडण झाले, भीती वाटली, तरी उठून जाता येत नाही. यजमानालाही पाहुण्याचे खाण्यापिण्याचे नियम सांभाळावे लागतात. ज्या गावाच्या दारात लष्कर उभे आहे त्या गावात, त्याच लष्कराच्या देशातील लोकांनी, मुलांना यजमानांच्या मुलांशेजारी निजवावयाचे, ह्याला मी धर्माधर्मांतील संवाद म्हणतो. तेथे कोणी ईश्वराच्या एकत्वावर व्याख्यान दिले असेल असे वाटत नाही.

व्याख्यानांचा संवादही पुष्कळ झाला. जानेवारी २००२ मध्ये ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे ज्यू, मुसलमान आणि ख्रिस्ती धर्मगुरूंची परिषद भरली. अल्‌-अझरचे प्रमुख आणि कँटरबरीचे आर्चबिशप यांनी पुढाकार घेतला होता. ईश्वराच्या नावाने निरपराधांना मारणे ही ईश्वराचीच विटंबना होय, असे घोषणापत्र निघाले. दोनच महिन्यांनी, २७ मार्चला, नेतन्या शहरात वल्हांडण सणाचे भोजन चालू असताना बाँबस्फोट होऊन तीस माणसे मारली गेली, आणि लगोलग लष्कर पश्चिम किनाऱ्यावरील शहरांत शिरले. घोषणापत्र व्यर्थ होते असे मी म्हणत नाही. ते कोणाच्या घरापर्यंत पोहोचले नव्हते.

धर्माला बाजूला ठेवून शांतता करावी असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि हेब्रॉन पाहिल्यावर त्यांचे म्हणणे पटू लागते. अब्राहामाची समाधी तेथे आहे. ज्यू त्याला आपला मूळ पुरुष मानतात, मुसलमान त्यालाच इब्राहिम म्हणतात. १९२९ मध्ये त्या गावी ६७ ज्यूंची कत्तल झाली, आणि त्याच दिवशी अनेक ज्यूंना त्यांच्या अरब शेजाऱ्यांनी आपल्या घरात लपवून वाचविले. २५ फेब्रुवारी १९९४ रोजी, रमझानच्या महिन्यात, एका ज्यू वसाहतवाल्याने तेथील मशिदीत नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घालून ठार केले. त्यानंतर एकाच पूर्वजाची समाधी दोन समाजांत वाटून देण्यात आली. तथापि धर्म बाजूला ठेवणे तेथे कोणाच्याच हाती नाही, हेही तितकेच खरे. रब्बी मेनाखेम फ्रोमन यांनी हे ओळखले होते. ते स्वतः तेकोआ ह्या वसाहतीचे रब्बी होते. म्हणजे पॅलेस्टिनींच्या दृष्टीने अन्यायाच्या पायावरच त्यांचे घर उभे होते. तरी ते हमासचे संस्थापक शेख अहमद यासीन यांना जाऊन भेटत. ऑक्टोबर २०१० मध्ये बेत फज्जार गावातील मशिदीला आग लावण्यात आली, तेव्हा फ्रोमन आणि त्यांचे काही सहकारी नव्या कुराणप्रती घेऊन त्या गावी गेले. ह्या कृतीने त्यांच्या घराखालील जमिनीचा प्रश्न सुटत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. पण जळालेल्या मशिदीत नवे कुराण घेऊन जाणारा रब्बी त्या मुलांनी पाहिला, हेही घडलेच.

अरब समाजात समेटाची एक जुनी रीत आहे, तिला 'सुलहा' म्हणतात. खून झाला की अपराध्याच्या घरचे लोक गावोगावच्या प्रतिष्ठित वडीलधाऱ्यांना मध्ये घालतात. ते मृताच्या घरी जाऊन प्रथम सूड थांबविण्याची मुदत मागून घेतात. महिनोन्‌महिने बोलणी चालतात, भरपाई ठरते, आणि अखेरीस सर्वांसमक्ष पांढऱ्या निशाणाला गाठी मारल्या जातात, हात मिळविले जातात, कडू कॉफी घेतली जाते आणि एकत्र भोजन होते. मुसलमान, ख्रिस्ती, द्रूझ सर्वच ती पाळतात. ही रीत दोन राष्ट्रांना लागू करावी असे काही भल्या माणसांना वाटते. अडचण एवढीच की, सुलह्यात अपराध्याचे घर कोणते हे सर्वांना ठाऊक असते आणि पहिले पाऊल त्याने टाकावयाचे असते. येथे तंटा नेमका त्यावरच आहे.

ह्या तंट्याला बगल देऊन, मृताच्या घरातूनच प्रारंभ करणारी एक संस्था मात्र तेथे उभी राहिली. यित्झाक फ्रँकेंथाल हे धर्मनिष्ठ ज्यू. त्यांचा सैनिक मुलगा १९९४ मध्ये हमासने पळवून नेऊन मारला. १९९५ मध्ये त्यांनी शोकग्रस्त कुटुंबांचे मंडळ स्थापन केले. सभासदत्वाची अट एकच होती : ह्या संघर्षात जवळचे माणूस गमावलेले असावे. अशा संस्थेत नवा सभासद येऊ नये, असेच प्रत्येक सभासदाला वाटते. २०२३ पूर्वीच तिच्यात दोन्ही बाजूंची ६०० हून अधिक कुटुंबे होती.

रामी एल्हानान यांची मुलगी स्मादार चौदाव्या वर्षात होती. ४ सप्टेंबर १९९७ रोजी जेरुसलेमच्या बेन येहुदा रस्त्यावर झालेल्या आत्मघाती स्फोटात ती गेली. रामींचे वडील आउश्वित्झमधून वाचलेले. फ्रँकेंथाल यांनी त्यांना मंडळाच्या बैठकीला बोलाविले तेव्हा ते रागातच गेले आणि लांब उभे राहून पाहात राहिले. पॅलेस्टिनी कुटुंबे बसमधून उतरत होती. त्यांत काळ्या वेषातील एक स्त्री होती आणि तिने आपल्या लहान मुलीचे छायाचित्र छातीशी लावले होते. सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात पॅलेस्टिनी माणसाला आपण मजूर किंवा अतिरेकी ह्याशिवाय दुसऱ्या रूपात कधी पाहिलेच नव्हते, अशा आशयाची कबुली रामी यांनी पुढे अनेकदा दिली आहे.

बसाम अरामीन सतराव्या वर्षी तुरुंगात गेले आणि सात वर्षे राहिले. तेथे त्यांनी ज्यूंच्या संहारावरील एक चित्रपट पाहिला; आपल्या शत्रूला मार बसलेला पाहण्याच्या इच्छेने ते बसले आणि रडू लागले. पुढे ब्रॅडफर्ड विद्यापीठात जाऊन त्यांनी ह्याच विषयाचा अभ्यास केला. दोन्ही बाजूंच्या माजी लढवय्यांनी २००६ मध्ये 'शांततेसाठी लढवय्ये' ही संस्था उघडपणे सुरू केली, तिच्या संस्थापकांत बसाम होते, आणि रामींचा मुलगाही होता. जानेवारी २००७ मध्ये बसाम यांची दहा वर्षांची मुलगी अबीर अनाता गावी शाळेबाहेर असताना एका इस्रायली सैनिकाने झाडलेली रबरी गोळी तिच्या डोक्याला लागली. इस्पितळात ती मृत्यूशी झुंजत होती, तेव्हा रामी बसामच्या शेजारी बसून होते. न्यायालयाने पुढे सरकारला जबाबदार धरून भरपाई द्यावयास लावली. सैनिकावर फौजदारी खटला मात्र झाला नाही. बसामनी सूड घेतला नाही. त्यांच्या संस्थेतील माजी इस्रायली सैनिकांनी अबीरच्या शाळेच्या आवारात मुलांसाठी क्रीडांगण बांधून दिले. रामी आणि बसाम तेव्हापासून एकमेकांना भाऊ म्हणतात.

ह्या मंडळाने निरनिराळे मार्ग चोखाळले. एका इस्रायली बाईने फोन लावला तो चुकून गाझातील एका पॅलेस्टिनी तरुणाला लागला. फोन ठेवण्याऐवजी दोघे बोलत राहिले. त्यातून २००२ मध्ये मंडळाने अशी दूरध्वनी-सेवा काढली की, कोणीही इस्रायली कोणाही पॅलेस्टिनीशी बोलू शकेल. लाखो फोन झाले. पुष्कळ जणांनी नुसत्या शिव्या दिल्या असतील. तरी शिव्या ऐकावयास पलीकडे माणूस होता. मंडळाचे सभासद जोडीजोडीने शाळांत जाऊन मुलांशी बोलत. २०२३ मध्ये इस्रायलच्या शिक्षण खात्याने शाळांचे दरवाजे त्यांना बंद केले.

एक गंभीर आक्षेप येथेच सांगितला पाहिजे. पॅलेस्टिनी समाजात अशा भेटींना 'तत्बी' म्हणतात. म्हणजे जे विपरीत आहे त्याला नेहमीचे मानून चालणे. १९९३ च्या ऑस्लो करारानंतर परदेशी पैशांवर शेकडो मेळावे झाले. तरुण मुले एकत्र नाचली, गायली. नंतर इस्रायली मुलगा घरी गेला आणि पॅलेस्टिनी मुलगा तपासणी नाक्यावर रांगेत उभा राहिला. मेळाव्याला येण्यासाठी परवाना लागतो तो एकालाच. ह्या मेळाव्यांनी नाक्याविषयी चकार शब्द काढला नाही, वसाहती वाढतच गेल्या, आणि 'संवाद' हा शब्द पॅलेस्टिनी कानांना खोटा वाटू लागला. हा आक्षेप मला पूर्णतः रास्त वाटतो. फक्त तो बेत साहूरला लागू पडत नाही. तेथे करबंदी आणि शब्बाथचे पाहुणे एकाच गावात एकाच वेळी होते. तो बसाम अरामीन यांनाही लागू पडत नाही. लष्करी ताबा संपला पाहिजे हे ते प्रत्येक सभेत प्रथम सांगतात.

एकत्र राहूनही प्रश्न संपत नाहीत, हे नेवे शालोम ह्या गावाने दाखविले. ईजिप्तमध्ये ज्यू कुटुंबात जन्मून कॅथलिक धर्मगुरू झालेल्या ब्रूनो हुसार यांनी १९७० मध्ये लात्रूनच्या मठाकडून सुमारे १०० एकर ओसाड टेकडी भाड्याने घेतली. ज्यू आणि पॅलेस्टिनी कुटुंबे तेथे स्वेच्छेने शेजारी राहू लागली. १९८४ मध्ये दोन्ही भाषांची शाळा सुरू झाली. कोणत्याही धर्माचे चिन्ह नसलेले एक मौनगृह तेथे आहे. १९९७ मध्ये त्या गावातील एक ज्यू तरुण सैन्यात असताना हेलिकॉप्टर-अपघातात मरण पावला. तो सर्वांच्याच अंगाखांद्यावर वाढलेला मुलगा. त्याचे स्मारक गावात असावे काय? त्याच्या आईवडिलांना तो हवा होता. पॅलेस्टिनी शेजाऱ्यांना त्याचा शोक होता, पण त्याच्या गणवेशाचे स्मारक त्यांच्याने पाहवेना. ह्या एका फलकावरून गाव पुष्कळ काळ वादात होते. कोणी गाव सोडून गेले नाही म्हणून हा प्रयोग यशस्वी झाला असे कोणी म्हणतात. मला वाटते, एका मुलाच्या मृत्यूवर इतक्या प्रामाणिकपणे भांडणारे दुसरे गाव त्या देशात नसावे.

शेवटी पुन्हा ऑक्टोबर २०२३ कडे येतो. त्या महिन्याच्या ४ तारखेला इस्रायली आणि पॅलेस्टिनी मातांच्या दोन संघटनांनी जेरुसलेममध्ये आणि नंतर मृत समुद्राच्या काठी एकत्र मोर्चा काढला होता. इस्रायली संघटनेच्या संस्थापकांपैकी व्हिव्हियन सिल्व्हर तीन दिवसांनी बेएरी किबुत्झमधील आपल्या घरी मारल्या गेल्या. ओलीस म्हणून त्यांना नेले असावे असे घरच्यांना पाच आठवडे वाटत होते. मग त्यांच्या अवशेषांची ओळख पटली. आणखी एका कामात त्या असत. युव्हाल रॉथ यांच्या भावाला १९९३ मध्ये हमासच्या लोकांनी मारले होते. शोकग्रस्तांच्या त्याच मंडळातील एका पॅलेस्टिनी सभासदाने २००६ मध्ये त्यांना विचारले की, माझ्या आजारी भावाला नाक्यापासून हायफाच्या इस्पितळापर्यंत तुमच्या गाडीतून न्याल काय? रॉथ यांनी नेले. मग दुसऱ्याला नेले, मग शेजाऱ्यांना गाड्या घेऊन बोलाविले, आणि शेकडो स्वयंसेवकांची संस्था उभी राहिली. पश्चिम किनाऱ्यावरून आणि गाझाहून येणाऱ्या आजारी मुलांना हे लोक नाक्यावरून घेऊन इस्रायली इस्पितळांत पोहोचवीत.

ह्या स्वयंसेवकांत नीर ओझ किबुत्झचे ओदेद लिफ्शित्झ हे वृद्ध पत्रकारही होते. ७ ऑक्टोबरला त्यांना आणि त्यांच्या पत्नी योखेवेद यांना पळवून नेण्यात आले. योखेवेद ८५ वर्षांच्या होत्या. २३ ऑक्टोबरच्या रात्री त्यांची सुटका झाली, तेव्हा जाता जाता त्या मागे वळल्या, तोंडाला फडके बांधलेल्या पहारेकऱ्याचा हात हातात घेतला आणि 'शालोम' म्हणाल्या. ह्याबद्दल त्यांच्याच देशात त्यांना पुष्कळ बोल लागले. ओदेद यांचा मृतदेह फेब्रुवारी २०२५ मध्ये परत आला.

गाझाकडील नाका त्या दिवसापासून बंद झाला. पश्चिम किनाऱ्यावरील रुग्णांसाठीच्या फेऱ्या युद्धकाळातच पुन्हा सुरू झाल्या. पहाटे अंधारात नाक्याच्या एका बाजूला गाडी उभी असते आणि दुसऱ्या बाजूने एखादी आई आजारी मूल कडेवर घेऊन परवाना दाखवीत पुढे येते.